वेशीपासून पुलापर्यंत

"बाबा, बकरी आडवी आली तर थांबू नका. बाजूने काढा."

"आणि म्हातारी?"

"कोणती म्हातारी?"

"विहिरीजवळ येते ती. बादली घेऊन. मघाशी मी तिला आधी जाऊ दिलं."

शलाकाने कानावरचा हेडफोन मानेवर ओढला आणि माझ्याकडे वळली. "जाऊ दिलं म्हणजे?"

"म्हणजे थांबलो. पायात काही नाही बिचारीच्या."

"बाबा, ती गेममधली आहे, खरी नाहीये."

"ते कळतं गं मला," मी म्हणालो. पण बटणावर बोट असताना ते कळत नव्हतं. कुणी समोरून आलं की मी बाजूला होतो. तशी सवयच आहे.

"तुम्ही थांबलात की तुमची वेळ आणि माझी वेळ जुळत नाही. मग ती चाचणी बाद. पुन्हा वेशीपासून."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही हो. फक्त थांबू नका." तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवला. "चला?"

"चला."

अकोल्याचा मे महिना होता आणि खोलीतला कूलर बंद होता. संगणकातलं कार्ड तापलं की त्याचं काम मंदावतं, म्हणून सगळ्या चाचण्या सारख्याच उष्णतेत व्हायला हव्यात, असं शलाकाचं म्हणणं. कूलर मध्येच गार मारतो, मध्येच बाष्प सोडतो, त्याचा भरवसा नाही. म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद, पंखा एकावर. माझ्या बायकोने, कुमुदने, दारातूनच एकदा आत डोकावून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणारी माणसं साऱ्या अकोल्यात आमच्याच घरी निपजली बाप्पा."

जेवणाचं टेबल आणि शलाकाचं टेबल एकमेकांना लावून त्यावर दोन संगणक ठेवले होते. दोन्ही सारखे. एक तिचा, एक तिचा मित्र गिरीश याचा. दोघांनी एकाच वेळी, एकेक भाग निवडून ते जुळवले होते. फरक फक्त आतल्या ग्राफिक्स कार्डाचा. पडद्यावरची चित्रं काढण्याचं काम हे कार्ड करतं, एवढं मला समजलं होतं. सेकंदाला जितकी जास्त चित्रं, तितकं चालणं सरळ, न अडखळता. तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात सारखा बदलत असे. खिडकीजवळच्या संगणकात शलाकाचं जुनं कार्ड होतं, भिंतीकडच्या संगणकात बाजारात नुकतंच आलेलं नवं. नवं कार्ड एका दुकानदाराने ओळखीखातर एका दिवसापुरतं दिलं होतं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत ते परत पोचवायचं होतं.

गिरीश आणि ती मिळून हे करणार होती. पण गिरीशच्या भावाचं वाशीमला लग्न निघालं, आणि संगणक ठेवून तो वऱ्हाडासोबत निघून गेला. म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीवर मी.

शलाका एकतीस वर्षांची होती. इथल्याच एका महाविद्यालयात ती संगणक शिकवायची, तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि मार्चमध्ये घरी. असं सहा वर्षं चाललं होतं. संध्याकाळी ती संगणकाचे सुटे भाग तपासून त्यावर लिहायची. ते वाचून हैदराबादच्या एका कंपनीने तिला विचारलं होतं, की एक नवा गेम आलाय, अफाट मोठा, त्यात ही दोन कार्डं तपासून दाखव. पद्धत बघू, मग नोकरीचं बोलू. कायमची नोकरी. अहवाल त्याच रात्री पाठवायचा होता.

आदल्या दिवशी जेवताना तिने विचारलं होतं, "बाबा, जमलं तर जाऊ ना?"

मी ताटातली भाकरी मोडत म्हणालो होतो, "आधी जमू तर दे."

कुमुदने तिला जास्तीचं वरण वाढलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं, एवढंच.

गेममधलं ते गाव कुठल्यातरी थंड मुलखातलं होतं. वेशीतून निघायचं, बाजारातून सरळ जायचं, विहीर उजवीकडे टाकायची आणि उतार धरून नदीकडे. पुलाचा पहिला खांब आला की थांबायचं. दोघांनी एकदम निघायचं, एकाच चालीने चालायचं, एकदम पोचायचं. वेळ सकाळची, आभाळ मोकळं. ते सगळं शलाकाने ठरवून ठेवलं होतं. तिच्या पडद्यावर ती एकटी चालत होती, माझ्या पडद्यावर मी एकटा.

मी आयुष्यभर एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायची, त्या ओळीपुरतं बघायचं, मग पट्टी खाली सरकवायची. पुढच्या ओळीत काय लिहिलंय, याची उत्सुकता ठेवायची नाही. उत्सुकता आली की चूक निसटते. त्यामुळे तीच वाट पुन्हा पुन्हा चालण्याचा मला कंटाळा आला नाही. शलाकालाच आला. गिरीश असता तर तो मध्येच कुणाशी तरी तलवारीने भांडला असता, असं ती म्हणाली आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

दुपार कलेपर्यंत मला ती वाट पाठ झाली. बाजारात एका ठिकाणी फुटलेल्या कौलांचा ढीग होता. पुढे चाकोरीत पाणी साचलेलं. विहिरीच्या दगडाला शेवाळ. उतारावर गवतात घोड्याचा एक नाल पडलेला. तो दिसला की पूल जवळ आला.

"कमानीखाली आलात की आकडा पडतो," शलाका म्हणाली. "पताका आहेत ना तिथे, वाऱ्यावर हलणाऱ्या. त्यांचा भार येतो."

मला कमान आठवेना. पताकाही. पण एवढ्या चकरा झाल्यावर "कुठली कमान?" असं विचारणं मला जिवावर आलं. मी नुसती मान हलवली.

चार वाजायच्या सुमारास तिने सगळे आकडे एकत्र केले आणि खुर्चीत मागे रेलली.

"बाबा!"

"काय झालं?"

"नवं कार्ड सरासरी नव्वद. जुनं चौऱ्याऐंशी."

"मग?"

"मग काय! जुन्याच्या तिप्पट किंमत आहे त्याची. सगळे लिहून राहिले, काय कार्ड आहे, काय कार्ड आहे. आणि फरक बघा! एवढ्यासाठी कुणी काहून घ्यावं?" ती उठली, पुन्हा बसली. "कोणीच हे म्हटलेलं नाही, बाबा. कोणीच नाही. हे पाठवलं ना, तर ते फोनच करतील मला."

तिने लगेच लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य असं होतं, की या गेमपुरतं तरी नवं कार्ड हा नुसता गवगवा आहे. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाक्य चांगलं होतं. तिच्या आवाजात गेल्या कित्येक महिन्यांत नव्हता असा जोर होता.

मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. जुन्या कार्डाचे सगळे आकडे माझ्या हातून आले होते. दुसऱ्या कुणाच्या हातून आले असते तर मी गप्प बसलो असतो.

"शलाका, माझं काही चुकलं असेल."

"काय चुकेल त्यात? बटण दाबून चालायचं."

"ते खरं. पण एकदा जागा बदलून बघू. तू इथे बस, मी तिथे."

"बाबा, साडेसहाला कार्ड परत द्यायचंय."

"हो, पण..."

"तुमचा तुमच्यावर विश्वासच नाही," ती म्हणाली. रागाने नाही. थकून म्हणाली. "बटण दाबायलाही नाही."

"दुसरं वाचन केल्याशिवाय मी पान कधी सोडलं नाही गं. तेवढंच."

ती उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी उठलो. घामाने सदरा खुर्चीला चिकटला होता.

"चला," ती म्हणाली.

"चला."

आम्ही निघालो. कौलं, चाकोरी, विहीर. म्हातारी आली, मी तिची मनातल्या मनात क्षमा मागून पुढे गेलो. नाल. पूल.

शलाकाने दोन्ही आकडे पाहिले. पुन्हा एकदा चालायला लावलं. मग टेबलाखाली वाकून वायरी तपासल्या, पेटीचं झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला, झाकण लावलं.

"काय गं?"

"जुन्यावर मी चालले तर छप्पन्न," ती म्हणाली. "नव्यावर तुम्ही चाललात तर एकशे बत्तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जिथे बसता, तिथे आकडा वाढतो." ती कपाळाला हात लावून बसली. "म्हणजे काहीच खरं नाही. सकाळपासूनचं काहीच."

मला वाटलं होतंच, असं मी म्हणालो नाही. पण तोंडावर ते दिसलं असावं, कारण ती म्हणाली, "तुम्ही नका आता तोंड पाडून बसू."

दोघांचं चालणं संगणकाने आपोआप टिपून ठेवलेलं होतं. तिने एकाच पडद्यावर ते शेजारी शेजारी लावलं, डावीकडे तिचं, उजवीकडे माझं, आणि दोन्ही एकदम सुरू केली. ती सावकाश पुढे सरकवत आकडे बघत होती, कुठे फरक पडतो ते शोधत. मी आकडेच बघत होतो. दोघांनाही काही सापडेना.

तेवढ्यात कुमुद पन्ह्याचे पेले घेऊन आली. पेले ठेवायला जागा शोधता शोधता तिचं पडद्याकडे लक्ष गेलं.

"हे काय वं शलू? इकडं एवढं गाव दिसते, अन् इकडं नुसता चिखल?"

शलाकाचा हात थांबला.

डावीकडे कमान होती, पताका होत्या, त्यामागे छपरं, छपरांच्या वर धूर, आणि खूप लांब बर्फाचे डोंगर. उजवीकडे फुटकी कौलं.

डावीकडे विहिरीवरचं मोठं झाड, झाडात पाखरं. उजवीकडे शेवाळ, आणि दोन अनवाणी पाय.

"हे तुमचं होय ना?" कुमुदने मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधीच तिने शलाकाला सांगितलं, "ह्यांचंच असंन. लग्नात मांडवात आले तं असेच. अंतरपाट सरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् हे माझ्या पायाकडं पाहून राह्यले. माझी बहीण म्हणे, नवरदेवाचं काही हरवलं का?"

शलाकाने तोंडावर हात दाबला. मग तिला ते आवरेना. ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू संपल्यावरही ते पुसायला तिला वेळ लागला.

"बाबा, तुम्ही सकाळपासून खाली बघून चाललात?"

"मग? वाट ओबडधोबड आहे. ठेच लागली असती."

"गेममध्ये ठेच लागत नाही!"

"ते मला कोणी सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "हे सांगावं लागेल असं वाटलंच नाही." तिने पन्ह्याचा पेला उचलला, पण प्यायली नाही. "हे कार्ड आहे ना, ते सगळं गाव काढत नाही. आपण जिकडे बघतो तेवढंच काढतं. डोंगराकडे पाठ केली, तर डोंगर काढतच नाही. तुम्ही जमिनीकडे बघत होतात, त्याने जमीन काढून दिली. त्याला काही कष्टच पडले नाहीत. म्हणून आकडा वर."

"म्हणजे मी बघितलंच नाही, म्हणून ते झालंच नाही?"

"तसंच."

कुमुद म्हणाली, "प्या आधी. गरम होऊन राह्यलं." आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेली.

साडेचार वाजून गेले होते. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. जितक्या चकरा होतील तितक्या, शलाका म्हणाली, आणि मी खिडकीजवळ परत बसलो.

"आता वर बघायचं, बाबा."

"बरं."

ते सोपं नव्हतं. वेशीतून निघताना वर बघितलं, की दहा पावलांत माऊसवरचा हात आपोआप खाली ओढला जायचा. हाताला कोणी सांगत होतं असं नाही. "वर," ती म्हणायची. पुन्हा वर. "वर, बाबा." शेवटी ती उठून माझ्यामागे उभी राहिली, माझ्या हातावर हात ठेवला आणि माऊस किंचित उचलून धरला. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना मी तिचा हात असाच धरायचो. ती ते विसरली असेल.

कमान आली. निळ्या आणि पिवळ्या पताका होत्या. त्यांच्याखालून जाताना चित्र अडखळलं, थांबलं, पुन्हा धक्का खाऊन सुरू झालं.

"बिघडलं का?"

"नाही. आता ते काम करून राहिलंय."

मी म्हातारीकडे पाहिलं. तिला चेहरा होता. ती काहीतरी पुटपुटत होती आणि माझ्या दिशेने एकदा मान हलवून गेली. सकाळपासून प्रत्येक चकरेत ती तशी मान हलवत असणार. मग उतार आला आणि दरी एकदम उघडली. खाली नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे रस्ता एका टेकडीला वळसा घालून कुठेतरी जात होता. कोपऱ्यातला आकडा पन्नासाच्या खाली आला. प्रत्येक पावलाला चित्र दम खात होतं.

"तिकडे काय आहे?" मी विचारलं.

"कुठे?"

"पुलापलीकडे. टेकडीमागे."

"कोणास ठाऊक. मीही नाही गेले कधी. आपली चाचणी पुलापर्यंतच."

पहिला खांब आला. मी थांबलो. माऊस सोडला. हातावरचा तिचा हात तसाच होता. मी मान वळवून वर पाहिलं.

ती पडद्याकडे बघत होती. तिच्या कानाजवळ बरेच केस पांढरे झाले होते. एक-दोन नव्हे, एक अख्खी बट. डोळ्यांखाली काळं होतं, आणि ते आजच्या उकाड्याचं किंवा कालच्या जागरणाचं नव्हतं. ओठाच्या कडेला कुमुदच्या आईला होती तशी एक रेघ बसली होती. सहा वर्षं ती रोज सकाळी माझ्यासमोर चहा पिऊन कामाला जात होती.

माझ्या बघण्याकडे तिचं लक्ष गेलं. "काय?"

"काही नाही."

"मग असं काय बघता?"

मी नजर खाली नेली नाही. ते मला कठीण गेलं, हे तिला दिसलं असावं. तिने हात काढून घेतला, ओढणीने मान पुसली, आणि पुन्हा पडद्याकडे बघतच विचारलं, "बाबा, जाऊ ना मी?"

"जा," मी म्हणालो.

"खरंच?"

"दमलीस तू इथे. जा."

माझ्या खुर्चीच्या पाठीवर तिने हाताने दोनदा थोपटलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. हेडफोन कानाला लावला. जरा वेळाने म्हणाली, "चला. अजून पुष्कळ बाकी आहे."

"चला."

अंधार पडायच्या आत तिने कार्ड नेऊन दिलं. अहवालात नवलाचं काही उरलं नव्हतं. नवं कार्ड बरंच पुढे होतं, सगळ्यांनी लिहिलं होतं तितकंच. ते पहिलं वाक्य तिने खोडून टाकलं. मी खाली बघून मारलेल्या चकरा मात्र तिने ठेवल्या, चुकीची चाचणी कशी होते ते दाखवायला. चालणाऱ्याची नजर कुठे होती हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थ नाही, असं तिने लिहिलं. मी तो अहवाल दोनदा तपासला. एक अनुस्वार राहिला होता, तेवढाच.

जूनमध्ये ती हैदराबादला गेली. जाताना जुना संगणक घरीच ठेवून गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. कुमुदला हल्ली जिना चढवत नाही, मला फार वेळ वाचवत नाही. दुपारी ती झोपली की मी खिडकीजवळ बसतो. कूलर चालू असतो. वेशीतून निघतो, म्हातारीला आधी जाऊ देतो, आता कुणाची वेळ जुळवायची नसते. चित्र अडखळलं की मीही थांबतो. कार्ड जुनं झालंय. त्याची धाप ओसरली की दोघे पुढे निघतो.

परवा अशाच वेळी शलाकाचा फोन आला.

"बाबा, काय करून राहिले?"

"चालतोय."

"कुठवर आलात?"

"पुलाच्या पलीकडे."

"टेकडीमागे काय आहे मग?"

"अजून एक गाव आहे. साधंच. एक बाई अंगणात धान्य वाळत घालते. मागे सरोवर आहे, त्यात बर्फाचे डोंगर उलटे दिसतात."

"डोंगर आणि सरोवर एकदम? त्या कार्डावर? बाबा, आकडा काय दाखवतो तिथे? वीस तरी येतो का?"

"माहीत नाही गं," मी म्हणालो. "त्याच्यावर पट्टी चिकटवलीय."

"कसली पट्टी?"

"माझी पुठ्ठ्याची. छापखान्यातली."